पोत्यातलं बियाणं जिवंत असतं का?

औसा_काळीमाती

नमस्कार मंडळी. प्रश्न पोरीचा हाय, पण अडकलो मी. सजीवांची लक्षणं तिला पाठ हायत: हालचाल, वाढ, श्वसन, उत्सर्जन, प्रजनन. तिचं म्हणणं, बापू, कोठीतल्या सोयाबीनच्या पोत्यात यातलं एकबी दिसत नाही, मग ते निर्जीवच की. मी म्हणलं, पेरलं की उगवतंय ना? तर म्हणते, उगवल्यावर जिवंत हे कुणीबी सांगंल, आत्ता काय हाय ते सांगा.

आता माझा प्रश्न. घरचंच बियाणं ठेवलंय. पेरणीआधी गोणपाटावर शंभर दाणे लावून बघितले तर साठच्या आसपास उगवले. बाकीचे चाळीस दिसायला अगदी तसेच, चाळणी मारलेले, टपोरे, पिवळे. हे मेले कधी? मळणीत, उन्हाळ्यात पत्र्याखाली, का गोणपाटात भिजल्यावर? आणि मेले म्हणजे त्यांच्यातून गेलं काय? वजन तर तेवढंच भरतंय.

कुणी जाणकार असंल तर नीट सांगा. आमच्याकडं ज्याला विचारावं तो म्हणतो बीजप्रक्रिया करा. ती करतोच.

टपरीवरचा

जिवंत. धागा संपला. चहा सांगा.

कळंबचे_गुरुजी

टपरीवरच्याला चहा मिळेल, पण धागा इतक्यात संपत नाही.

औसेकर, तुमच्या मुलीला शाब्बास म्हणा. लक्षणांची ती यादी परीक्षेला बरी, पण तिच्या हिशेबानं खेचरसुद्धा निर्जीव ठरतं, कारण त्याला पिल्लं होत नाहीत. मी वर्गात यादी बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारायचो: पेशी आहे का, आणि त्या पेशीत ऊर्जेची देवघेव चालू आहे का?

पेशीची गोष्ट १६६५ ची. रॉबर्ट हूकनं बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, त्याला बारीक कप्पे दिसले. गंमत म्हणजे त्यानं पाहिले ते मेलेल्या पेशींचे रिकामे कप्पे होते. आत जिवंत काही नव्हतंच. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे श्लायडेननं १८३८ ला मांडलं, पुढच्याच वर्षी श्वाननं प्राण्यांबद्दल तेच म्हटलं, आणि १८५५ मध्ये फिरखोनं सांगून टाकलं की पेशी येते ती आधीच्या पेशीतूनच.

दाण्याकडे येतो. ज्वारीचा दाणा पाण्यात भिजवून ब्लेडनं उभा कापा. पांढरा भाग दिसतो तो पिठाचा साठा. त्या पेशी दाणा पिकतानाच मरून जातात, मागं उरतो तो स्टार्च. जिवंत असतो तो एका टोकाचा छोटा कोंब आणि सालीखालचा एक पातळ थर. म्हणजे आपण भाकरीला जे पीठ घेतो ते बहुतांश मेलेल्या पेशींचं. सोयाबीनचं तसं नाही. त्याची दोन्ही दलं जिवंत पेशींची असतात आणि तेल-प्रथिनांनी भरलेली असतात. त्यामुळं सोयाबीनला मार लागला की तो जिवंत भागालाच लागतो.

मुलीला एवढं सांगा: पोत्यातला चांगला दाणा श्वसन करतो. नाक नाही, फुप्फुस नाही, पण पेशीत अन्न ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर पडते. १७८० च्या दशकात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाच्या कोठीत ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं होतं. प्राण्याची ऊब हे मंद ज्वलन आहे, हा त्यांचा निष्कर्ष. कोरड्या दाण्यात हेच इतकं मंद चालतं की साध्या साधनांनी मोजता येत नाही.

शंकासुर_संभाजीनगर

गुरुजी, "मोजता येत नाही इतकं मंद" हे मला पटत नाही. मोजता येत नाही तर आहे कशावरून?

बीजजालना

मोजता येतं, शंकासुर. आणि नुसतं मोजता येतं असं नाही, डोळ्यांनी दिसतं. आमचं पोटच त्यावर आहे. जालन्यात बियाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा लांबड लावतो.

उगवण चाचणीला आठवडा लागतो. घाई असली की टेट्राझोलियम चाचणी करतात. १९४० च्या दशकात जर्मनीत गेओर्ग लाकोननं ती रुळवली. टेट्राझोलियमचं द्रावण जवळजवळ बिनरंगी असतं. दाणे रात्रभर ओल्या कागदात ठेवायचे, मग द्रावणात टाकून अंधारात कोमट जागी काही तास सोडायचे. जिवंत पेशीत श्वसन सुरू झालं की अन्नातून हायड्रोजन सुटा करणारी विकरं (एन्झाइम) कामाला लागतात. तो हायड्रोजन टेट्राझोलियमला मिळाला की त्याचा लाल रंग होतो, आणि हा लाल पदार्थ पाण्यात विरघळत नाही, जिथं तयार झाला तिथंच बसतो. म्हणजे दाण्याचा जेवढा भाग श्वसन करतो तेवढाच लाल होतो.

सोयाबीनची दोन दलं उघडून टेबलावर मांडली की मेलेला दाणा कोराच्या कोरा, पांढरट. धडधाकट दाणा सगळीकडं सारखा गुलाबी-लाल. मळणीत मार बसलेल्या जागी आधी गडद लाल डाग, आणि पेशी पुरत्या मेल्या असतील तर मधोमध पांढरा ठिपका. तो ठिपका दलाच्या कडेला असला तर दाणा चालून जातो. मुळाच्या टोकावर असला तर दाणा गेला, मग बाकीचा कितीही लाल होवो.

औसेकर भाऊ, तुमच्या चाळीसातले बरेच मळणीतच गेले असणार. सोयाबीनची साल पातळ आणि मुळाचं टोक सालीला अगदी चिकटून. ड्रम जोरात फिरला, पोतं टेम्पोतून धपकन टाकलं, थप्पीवर थप्पी रचली, की काम झालं. सगळे तिथल्या तिथं मरत नाहीत. जखम घेऊन उन्हाळ्यात शिरतात आणि पत्र्याखाली हळूहळू संपतात. गोणपाटात तर फक्त निकाल कळतो.

औसा_काळीमाती

टेम्पोतनं धपकन टाकलेलं खरं हाय. हमालाला कोण बोलणार?

टपरीवरचा

हमालाला चहा पाजायचा असतो आधी. धाग्यात पहिल्यांदा उपयोगाचं बोललोय, नोंद घ्यावी.

मांजराकाठ

दाणे श्वास घेतात हे आमच्या जुन्या माणसांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. पेव, म्हणजे धान्याचं जमिनीखालचं कोठार, ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा.

आमच्या गावात पांढरीत, म्हणजे गावठाणात, घरोघर पेव असायचं. तोंड एक माणूस उतरेल एवढं, आत घेर मोठा. तळाला आणि भिंतीला कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, वर फरशी, फरशीवर माती. खंडीनं ज्वारी राहायची आणि किडा लागायचा नाही. पण पेव उघडल्या उघडल्या कुणाला आत उतरू देत नसत. फरशी काढून तसंच सोडायचं, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर परत थांबायचं. म्हातारी माणसं म्हणायची, पेवात 'वाफ' हाय. घाई करून उतरलेला माणूस बसल्या जागी जायचा, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराबी. पंचक्रोशीत अशी घरं होती.

पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला एक आंबूस वास असायचा. आम्हाला तोच आवडायचा. बियाण्याची ज्वारी मात्र पेवात नसायची, ती कणगीत नाहीतर मडक्यात, राख आणि लिंबाचा पाला घालून.

कळंबचे_गुरुजी

मांजराकाठ, फार मोलाचं लिहिलंत. त्या 'वाफे'चा हिशेब मांडतो, कारण आजही जुन्या विहिरी, गोबरगॅसचे खड्डे, धान्याचे बंद कोठे यांत माणसं अशीच जातात.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के, कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. स्टार्च खाणारी पेशी जेवढा ऑक्सिजन घेते साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडते. पेव बंद केलं की दाणे, किडे, बुरशी सगळे मिळून आतला ऑक्सिजन वापरतात. किडा आधी गुदमरतो, म्हणून ज्वारी टिकते. आता बाजारात हवाबंद पिशव्या येतात त्यांचं तत्त्व हेच. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळाला बसून राहतो.

आणि कंदिलावर फार विसंबू नका. ज्योत विझते ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की. तोवर कार्बन डायऑक्साइड ४–५ टक्क्यांवर पोचलेला असतो, माणसाला धाप लागते, डोकं जड होतं. त्यात ऑक्सिजन संपल्यावरही दाणे आणि जंतू आंबवणीवर चालत राहतात, म्हणजे ऑक्सिजन न घेता कार्बन डायऑक्साइड सोडतात. दहा टक्क्यांच्या पुढं काही मिनिटांत शुद्ध जाते. कंदील जळतोय म्हणजे उतरायला हरकत नाही, हा अर्थ काढू नये. हवा खेळवावी, कमरेला दोर बांधावा, वर माणसं असावीत, आणि एक पडला तर दुसऱ्यानं तसंच उडी मारून उतरू नये.

बायोवाली_लातूर

नमस्कार, मी हिंगोलीची, सध्या लातूरला नीटची तयारी करते. गुरुजींनी आंबवणी म्हटली म्हणून विचारते. एका ग्लुकोजपासून एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, किती? क्लासमध्ये ३८ शिकवलंय, एका पुस्तकात ३६ आहे, आणि यूट्यूबवर सगळे ३० ते ३२ म्हणतात. आणि खरं सांगू का, एटीपी म्हणजे "पेशीचं चलन" हे वाक्य पाठ आहे, पण ते ऑक्सिजनशिवाय का बनत नाही हे कळलेलं नाही. साखर तर आहेच ना पेशीत?

सूक्ष्मदर्शिका

बायोवाली, परीक्षेत तुमचं पाठ्यपुस्तक म्हणेल तेच लिही, त्यावर वाद नको. आता कारण सांगते. नांदेडला वनस्पतिशास्त्र शिकवते, हा भाग दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जातो, कारण आपण तो बाणांच्या आकृत्यांनी शिकवतो.

साखर फोडण्याचं पहिलं काम पेशीद्रवात होतं. त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि हातात पडतात निव्वळ दोन एटीपी. यीस्ट, विरजणातले जंतू, धावताना कमी पडलेले आपले स्नायू, सगळे अडचणीच्या वेळी या दोनांवर भागवतात. तुझ्या लाल रक्तपेशीत तर तंतुकणिकाच (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतले ऊर्जेचे कारखाने) नसतात, तिचा सगळा संसार यावरच.

उरलेला माल तंतुकणिकेत जातो. तिथं क्रेब्झच्या चक्रात (१९३७, नोबेल १९५३) त्याचे कार्बन एकेक करून कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. पण खरी कमाई त्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनची. ते तंतुकणिकेच्या आतल्या पटलातून (पातळ पडद्यातून) एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात, आणि उतरताना मिळालेल्या ऊर्जेवर ती प्रथिनं प्रोटॉन उपसून पटलाच्या पलीकडे टाकतात. पलीकडे गर्दी, अलीकडे तूट. आता जायकवाडी डोळ्यांपुढे आण. नाथसागराचं पाणी धरणाच्या पायथ्याच्या टर्बाइनमधून उतरतं आणि वीज होते. तसे प्रोटॉन एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून उतरतात. ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं आणि फिरता फिरता एटीपी घडवतं. जायकवाडीचा १२ मेगावॅटचा संच उलटा चालवून पाणी परत वर चढवण्याच्या बेतानंच बांधलेला आहे. आणि एटीपी सिंथेजसुद्धा उलटं फिरतं: प्रोटॉनची गर्दी ओसरली तर एटीपी मोडून प्रोटॉन परत वर उपसतं. पीटर मिचेलनं प्रोटॉनची ही कल्पना १९६१ ला मांडली तेव्हा बऱ्याच जणांनी वेड्यात काढलं. १९७८ ला त्याला नोबेल मिळालं. फिरण्याच्या यंत्रणेबद्दल बॉयर आणि वॉकर यांना १९९७ ला.

ऑक्सिजन कुठं आला? अगदी शेवटी. उतरून आलेला इलेक्ट्रॉन तो उचलतो आणि प्रोटॉनबरोबर त्याचं पाणी होतं. तो नसेल तर शेवटचा इलेक्ट्रॉन हलत नाही, म्हणून मागचा अडकतो, त्याच्या मागचा अडकतो, आणि उपसा बंद. साखर भरपूर असली तरी उपयोग नाही.

३८ आणि ३२ चा वाद यातच आहे. जुना हिशेब असा की इलेक्ट्रॉनच्या प्रत्येक जोडीमागं पूर्ण तीन किंवा दोन एटीपी. प्रत्यक्षात प्रोटॉन थोडे गळतात, आणि एटीपी बाहेर काढायला, फॉस्फेट आत आणायलाही प्रोटॉन खर्च होतात. म्हणून अडीच आणि दीड धरतात, बेरीज ३० ते ३२. पेशी पूर्णांकात कमावत नाही, एवढंच.

आपल्या शरीरात एका वेळी एटीपी असतं जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास, पण दिवसभरात मोडून-जोडून आपल्या वजनाइतकं वापरलं जातं. १९२९ मध्ये ते शोधणाऱ्यांत कार्ल लोमान होते आणि स्वतंत्रपणे फिस्क यांच्यासह आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. नीटला विचारत नाहीत, तरी लक्षात ठेव.

बायोवाली_लातूर

मॅडम, आत्ता कळलं. जायकवाडी वहीत लिहून ठेवलंय. +१००

औसा_काळीमाती

मॅडम, मला बी कळलं असं म्हणवत नाही, पण शेवटचा अडकला की मागचं सगळं अडकतंय हे समजलं. मग माझा रानातला प्रश्न. पेरलं आणि लगेच दणका पाऊस झाला, रानात पाणी साचलं, की बी कुजतं. हे तेच का?

बीजजालना

अगदी तेच. कोरड्या दाण्याला पाणी मिळालं की काही मिनिटांत श्वसन वाढतं. जुन्या तंतुकणिकांची डागडुजी होते, नव्या तयार होतात, मुळाचं टोक लांबू लागतं. दाण्याच्या आयुष्यात ऑक्सिजनची एवढी निकड आधी कधी नव्हती, आणि नेमकं तेव्हाच आपल्या काळ्या रानातली पोकळी पाण्यानं भरते. पाण्यातून ऑक्सिजन फार सावकाश पोचतो. दाणा बत्तीस एटीपीवरून दोनांवर येतो. म्हणजे तेवढ्याच कामाला पंधरा-सोळापट अन्न जाळायचं, वर आत अल्कोहोल साचतो. दोन-तीन दिवसांत दाणा दमतो आणि त्याच्यातून गळणाऱ्या साखरेवर बुरशी तुटून पडते. आपण म्हणतो बुरशीनं कुजलं. बुरशी नंतर आली, आधी दाणा गुदमरला.

म्हणून वाफशावरच, म्हणजे रानात ओल आहे पण पाणी साचलेलं नाही अशा वेळीच, पेरायचं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा असं सांगतात, तोवर ओल खालवर गेलेली असते. रुंद वरंबा सरीवर दाणा पाण्याच्या वर बसतो, हाही मुद्दा हवेचाच आहे. आणि तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नये. सोयाबीनला आपली दोन्ही जाड दलं मातीतून वर ओढून आणायची असतात, वर पपडी धरली की त्यातच साठा संपतो. भात पाण्याखालीही कोंब काढू शकतो, सोयाबीनला ते जमत नाही.

तुमचं बियाणं साठ टक्के असेल तर फेकू नका. सत्तर टक्क्यांना एकरी ३० किलो धरतात, साठला ३५ किलो धरा.

शंकासुर_संभाजीनगर

२०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नाही, उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा "खोल पेरलं असेल, पाऊस कमी असेल" असं शेतकऱ्यालाच ऐकवलं गेलं. तुमच्या प्रयोगशाळा तेव्हा कुठं होत्या?

बीजजालना

पिशवी तपासली जाते ती महिनोन्‌महिने आधी. तिथून शेतापर्यंत तिचं काय होतं, उन्हात किती दिवस उभी राहते, कितीदा आपटते, ते लेबलवर लिहिलेलं नसतं. म्हणून पेरणीच्या तोंडावर गोणपाट लावायचाच, बियाणं घरचं असो की विकतचं. बाकी त्या वर्षीच्या रागाशी सहमत आहे.

गुरांचा_डॉक्टर

जरा अवांतर वाटेल, पण सूक्ष्मदर्शिका मॅडमनी लिहिलेला "शेवटचा इलेक्ट्रॉन" आम्ही बीडकडं दर दुष्काळात बघतो, म्हणून लिहितो.

पाऊस ताणला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकायला लागली, किंवा कापलेल्या ज्वारीला फुटवे आले, आणि उपाशी जनावर त्यात सुटलं, की तासाभरात फोन येतो. जनावर धापा टाकतं, झोकांड्या खातं, तोंडाला फेस, मग आडवं. मालक म्हणतो साप चावला असंल. पापणी उलटून बघितली की आतली त्वचा लालभडक. गुदमरून मरणारं जनावर निळं-काळं पडायला पाहिजे, हे उलट लाल.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं रसायन असतं. जनावरानं चावलं की त्यातून सायनाइड सुटतं. सायनाइड तंतुकणिकेतल्या अगदी शेवटच्या प्रथिनाच्या लोहाला धरून बसतं, म्हणजे जिथं ऑक्सिजननं इलेक्ट्रॉन घ्यायचा तीच जागा अडवतं. फुप्फुस हवा घेतंय, रक्त ऑक्सिजन पोचवतंय, पण पेशीला तो वापरता येत नाही. न वापरलेला ऑक्सिजन रक्तात तसाच फिरतो म्हणून रक्त लाल. पोट भरलेलं, हवा भरपूर, आणि ऊर्जेवाचून मरण. वेळेत पोचलो तर शिरेतून सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट देतो. पहिल्यामुळं रक्तातलंच थोडं लोह सायनाइडला धरायला तयार होतं, दुसऱ्यामुळं सायनाइडचं कमी विषारी रसायन होऊन लघवीतून जातं. घरी हा प्रयोग करू नये, नायट्राइट जास्त झालं तर तेच मारतं. फुलोऱ्यात येईपर्यंत ज्वारीत गुरं सोडू नका. पिकून वाळलेल्या कडब्याची भीती नाही.

टपरीवरचा

डॉक्टर, मग ज्वारीला स्वतःला कामून बाधत नाही ते?

सूक्ष्मदर्शिका

टपरीवरच्या, हा प्रश्न सगळ्या धाग्यातला मला सर्वांत आवडला.

बाधत नाही कारण दोन गोष्टी दोन वेगळ्या पेशींत कोंडलेल्या असतात. धुरिन पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकेत (पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत), आणि ते फोडणारं विकर आतल्या पेशींच्या हरितलवकात (पेशीतल्या हिरव्या कणांत). मधे भिंती आणि पटलं. पान धड आहे तोवर दोघांची गाठच पडत नाही. दातांखाली भिंती फुटल्या की पडते. शिवाय वनस्पतींच्या तंतुकणिकेत इलेक्ट्रॉनला एक आडवाट असते, तिथलं प्रथिन सायनाइडला दाद देत नाही. त्या वाटेनं एटीपी कमी मिळतं, पण काम थांबत नाही.

शंकासुर_संभाजीनगर

सगळं ऐकलं, छान आहे. पण मूळ धाग्यावर येतो. तुम्ही सगळे म्हणताय जिवंत म्हणजे ऊर्जेची देवघेव चालू. ठीक. आता दाणा द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवा, उणे १९६ अंश. तिथं कसली विकरं, कसले प्रोटॉन? सगळं ठप्प. असे गोठवलेले दाणे वर्षांनी बाहेर काढून पेरले तर उगवतात, हे मी वाचलंय. मग त्या मधल्या वर्षांत दाणा जिवंत होता की मेलेला? देवघेव शून्य, तरी मेला नाही. गुरुजींची व्याख्या इथं मोडते.

कळंबचे_गुरुजी

मोडत नाही, ताणते. पण ताणते खरी.

सूक्ष्मदर्शिका

मला वाटतं मोडते, गुरुजी. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत बियाणं उणे १८ अंशांना ठेवतात, स्वालबार्डच्या भूमिगत कोठारातही (२००८ पासून) तेवढंच तापमान. तिथं अगदी सावकाश का होईना, झीज चालते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये तीही जवळजवळ नाही. डेव्हिड कायलिननं १९५९ मध्ये या अवस्थेसाठी तिसरा खण मांडला: जिवंतपणा दिसत नाही, पण परत येऊ शकतो. टिकून राहते ती मांडणी. पटलं जागच्या जागी, विकरं न मोडलेली, डीएनए शाबूत. मांडणी शाबूत असेल तर पाणी आणि ऊब मिळताच देवघेव पुन्हा सुरू होते. मांडणी विसकटली की मग कितीही पाणी घाला.

सगळ्या बियांना हे जमत नाही. आपल्या केसर आंब्याची कोय वाळवली की मेली, ती ओलीच लावावी लागते. निंबोळीही फार थांबत नाही. उलट इस्राएलमध्ये मसाडा किल्ल्यावर सापडलेली जवळपास २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये लावली आणि उगवली.

शंकासुर_संभाजीनगर

मांडणी. हे चालेल. म्हणजे औसेकरांच्या पोरीला उत्तर: पोत्यातलं सोयाबीन जिवंत, कारण मांडणीही आहे आणि मंद श्वसनही. नायट्रोजनमधलं सोयाबीन, तिसरा खण.

कळंबचे_गुरुजी

मला तिसरा खण अजून मान्य नाही. यावर वेगळा धागा काढेन.

मांजराकाठ

काढाच गुरुजी.

औसा_काळीमाती

पोरीला वाचून दाखवलं. ती म्हणते मग मेलेल्या चाळीसांत मांडणी विसकटली हे पेरायच्या आधी घरी कसं बघायचं? रंगाचं औषध आमच्याकडं कुठं मिळणार?

बीजजालना

एक गोष्ट घरी दिसते. म्हातारं किंवा मार खाल्लेलं बी भिजवलं की त्याची पटलं नीट जुळत नाहीत, आतली साखर आणि क्षार पाण्यात गळतात. आमच्याकडं त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात, सोयाबीनच्या जोमाची ती नेहमीची चाचणी आहे. घरी दोन काचेच्या ग्लासांत सारखंच पाणी आणि सारखेच मोजून दाणे घ्या, एकात चांगल्या पिशवीतले, एकात घरचे. सकाळी ज्या ग्लासातलं पाणी जास्त गढूळ आणि चिकट लागेल ते बियाणं जास्त थकलेलं. यानं टक्केवारी कळत नाही, फक्त तुलना कळते. आणि ते भिजवलेले दाणे पेरू नका. कोरडं सोयाबीन एकदम पाण्यात बुडवलं की पाणी इतक्या जोरात आत शिरतं की चांगल्या दाण्याचीही पटलं फाटतात.

पुढच्या सालासाठी: १२ टक्क्यांच्या खाली ओलावा आणूनच पोतं शिवा. ओलावा एक टक्क्यानं उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तेवढंच, असा आमच्या धंद्यातला ठोकताळा आहे. पत्र्याखालून हलवून भिंतीपासून लांब लाकडी फळ्यांवर ठेवा. हात घालून पोतं आतून गरम लागलं तर लगेच उघडून पसरा. साखरेतली निम्म्याहून जास्त ऊर्जा एटीपीत जात नाही, उष्णता होऊन सुटते. ती दाण्यांची असो, किड्यांची की बुरशीची, कुणीतरी आत जोरात जेवतंय एवढं नक्की.

औसा_काळीमाती

आत्ताच हात घालून आलो, गार हाय. ग्लासं आज रातच्याला लावतो.